क्ले शूटिंग आणि पक्ष्यांच्या शिकारीसाठी परवडणारी पंप अॅक्शन बंदूक कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न असा आहे की तुम्ही कराडजवळ राहता, परवान्यासाठी अर्ज करण्याच्या विचारात आहात, आणि क्ले शूटिंग (हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी) व तित्तर-लाव्याची शिकार या दोन्हींना चालेल अशी, खिशाला परवडणारी पंप अॅक्शन शॉटगन, म्हणजे पुढची पकड मागेपुढे ओढून काडतूस भरायची छर्ऱ्यांची बंदूक, तुम्हाला हवी आहे. रेमिंग्टन 870 आणि मॉसबर्ग 500 या, तुम्ही व्हिडिओंत पाहिलेल्या, दोन अमेरिकी बंदुकांपैकी कोणती चांगली, असेही तुम्ही विचारले आहे. मी खटाव तालुक्यातला, सैन्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. नोकरीत असताना क्ले शूटिंग शिकलो आणि आजही जमेल तेव्हा रेंजवर जातो. त्या अनुभवावरून लिहितो.

शिकारीचा विषय आधी संपवतो, कारण त्यात निवड करण्यासारखे काही उरलेलेच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे, आणि परवाना काढून छोटी शिकार करण्याची जी वाट त्यात उरली होती ती 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली. तित्तर, लावा, भोरी, रानबदक यांपैकी कशाचीही शिकार हा गुन्हा आहे, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दंडाची मर्यादा एक लाख रुपयांपर्यंत गेली आहे. माझ्या लहानपणी आमच्या माळावर पहाटे तित्तरांचा आवाज सगळीकडून यायचा. आता त्यासाठी कान द्यावा लागतो. मायणीच्या तलावावर हिवाळ्यात येणारी बदके पाहायला मी नातवंडांना घेऊन जातो, तेव्हा हा कायदा आहे याचे मला मनापासून समाधान वाटते. म्हणून बंदुकीच्या निवडीतून शिकार हे कारण तुम्ही पूर्णपणे काढून टाकावे, आणि परवान्याच्या अर्जात तर ते चुकूनही लिहू नये.

आता पंपाकडे येऊ. रेमिंग्टन 870 ही 1950 च्या सुमारास आणि मॉसबर्ग 500 ही 1960 च्या सुमारास बाजारात आली, आणि अमेरिकेत सामान्य शेतकऱ्यांच्या घरी या आढळतात, कारण त्या स्वस्त आहेत, चिखल-पाणी सोसतात आणि एकाच बंदुकीत सगळी कामे होतात. 870 चा मुख्य सांगाडा पोलादी आहे आणि तिची सेफ्टी, म्हणजे चुकून बार उडू न देणारी कळ, चापाच्या मागे आडवी सरकते. मॉसबर्गचा सांगाडा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, म्हणून वजनाला हलका, आणि तिची सेफ्टी वर, अंगठ्याखाली असते, त्यामुळे ती डावखुऱ्यालाही सोयीची पडते. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंत सांगितलेले गुण खोटे नाहीत, पण ते तिथल्या बाजाराचे आहेत. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करण्याची मुभा ऐंशीच्या दशकापासून नाही. ती सवलत नामांकित नेमबाजांपुरती आहे. त्यामुळे जुन्या आयात बंदुका हातोहात फिरतात, त्यांची किंमत त्यांच्या गुणांवर न ठरता दुर्मीळपणावर ठरते, आणि ‘परवडणारी’ हा तुमचा पहिलाच निकष तिथे कोसळतो. आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीची (सरकारी शस्त्र कारखान्याची) 12 बोरची (बोर म्हणजे नळीच्या जाडीचे माप) पंप अॅक्शन बंदूक मात्र परवान्यावर घेता येते.

तरीही ती क्लेसाठी घ्यावी असे मी म्हणणार नाही, आणि याचे मुख्य कारण दुकानदार तुम्हाला बहुधा सांगणार नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत ट्रॅप आणि स्कीट या क्लेच्या दोन खेळांसाठी 12 बोरपर्यंतच्या शॉटगन चालतात, सेमी-ऑटोमॅटिक (पुढचे काडतूस आपोआप भरणारी) बंदूकही चालते, परंतु पंप अॅक्शन स्पष्टपणे वगळलेली आहे. आपल्याकडच्या अधिकृत स्पर्धा त्याच नियमांवर चालतात. म्हणजे पंपावर हात बसवून तुम्ही स्पर्धेला गेलात, तर तुमची बंदूक रेंजच्या दारातच थांबेल आणि दोन-तीन वर्षांत अंगात भिनलेली सवय पुन्हा मोडावी लागेल.

दुसरे कारण हाताला कळते. स्कीटमध्ये काही ठिकाणी दोन तबकड्या एकाच वेळी समोरासमोरून निघतात. पहिली फोडल्यावर दुसरीकडे वळतानाच पंपाची पुढची पकड मागे ओढून पुन्हा पुढे ढकलावी लागते, आणि त्या धक्क्याने नळीचे तोंड तबकडीच्या मार्गावरून हलते. माझ्या एका सहकाऱ्याची पंप बंदूक मी काही दिवस वापरली. घाईत पकड पूर्ण मागे आली नाही, रिकामे काडतूस बाहेर पडले नाही, चाप ओढल्यावर नुसता ‘टक’ असा आवाज झाला आणि तबकडी शांतपणे गवतात जाऊन पडली. सरावाने हे सुटते, हे खरे आहे. पण नवशिक्याने आपले सगळे लक्ष तबकडीवर ठेवायचे की डाव्या हातावर?

शिवाय संरक्षणाच्या कामासाठी बनवलेल्या पंप बंदुकांची नळी बहुधा आखूड असते आणि तिला बदलता येणारे चोक नसतात. क्लेसाठी निदान 28 इंचांची नळी हवी, कारण पुढचे वजन बंदुकीचा झोका सलग ठेवते. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला आवळपणा. साधारण 40 यार्डांवर 30 इंचांच्या वर्तुळात फुल, म्हणजे आवळ चोकमधून सत्तर टक्के छर्रे पडतात, इम्प्रूव्हड सिलिंडर या मोकळ्या चोकमधून निम्मे. स्कीटला तबकडी जवळून जाते, तिथे मोकळा चोक हवा. ट्रॅपला ती दूर पळत असते, तिथे आवळ हवा. एका नळीला एकच चोक कायमचा असेल तर यांपैकी एक खेळ तुम्ही गमावलाच.

म्हणून माझा सल्ला असा की क्लेसाठी 12 बोरची डबल बॅरल पाहा, शक्यतो एकावर एक नळ्या असलेली. तिच्या दोन नळ्यांना दोन वेगळे चोक असतात, दुसरी गोळी झाडायला फक्त चाप पुन्हा ओढावा लागतो, आणि बंदूक मधून उघडून हातावर टाकली की ती रिकामी आहे हे दहा पावलांवरच्या माणसालाही दिसते. रेंजवर या शेवटच्या गोष्टीचे मोल फार मोठे आहे. बजेट कमी असेल तर शेजारी-शेजारी दोन नळ्या असलेली भारतीय बनावटीची जुनी बंदूकही शिकायला उत्तम, मात्र ती उघड-बंद करून बिजागरी ढिली झाली आहे का ते पाहावे आणि नळी उजेडाकडे धरून आतून खड्डे दिसतात का ते तपासावे.

पण खरे सांगायचे तर बंदूक घेण्याची घाईच करू नका. ट्रॅपची एक फेरी 25 तबकड्यांची असते, एका तबकडीला दोन गोळ्या झाडता येतात, आणि दिवसाला चार फेऱ्या केल्या तर शंभराहून अधिक काडतुसे जातात. शिवाय परवान्यावर काडतुसांची मर्यादा नोंदलेली असते. खर्चाचा मोठा भाग बंदुकीत नाही, काडतुसांत आहे. म्हणून आधी एखाद्या रायफल क्लबचे सदस्य व्हा आणि क्लबच्या बंदुकीने, 24 ग्रॅमच्या हलक्या काडतुसांनी शिका. जड काडतुसांनी सुरुवात केली की खांदा काळानिळा होतो आणि चाप ओढताना डोळे मिटण्याची सवय लागते, जी नंतर जाता जात नाही.

दुकानात जाण्याआधी घरी एक चाचणी करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून हात लांब करा, अंगठा समोरच्या खांबावर धरा आणि डावा डोळा मिटा. अंगठा खांबावरच राहिला तर तुमचा उजवा डोळा प्रधान आहे. बाजूला सरकला तर डावा. मग तुम्ही उजव्या हाताचे असलात तरी बंदूक डाव्या खांद्यावर धरायला शिकावे की नाही, हे प्रशिक्षकाला विचारून मगच दस्ता (खांद्याला टेकणारा मागचा भाग) निवडा. दस्ता मापाला बसतो का हे पाहायला डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा; नळीची रेघ सरळ दिसली पाहिजे, मान ताणावी लागता कामा नये. आणि जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देताना शस्त्राचा प्रकार विचारपूर्वक लिहा, कारण परवान्यावर जो प्रकार येईल त्याच प्रकारची बंदूक दुकानदार तुम्हाला देईल.