आमच्या सरीसृप-उभयचर मंडळाची सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी पठारावर फेरी काढायची आहे. गळ्याला रंगीत पंखा असलेला सरडा कधी दिसेल?

एप्रिल ते जूनचा पहिला जोरदार पाऊस, आणि वेळ सकाळी ऊन तापू लागल्यापासून 11 पर्यंत. हा विणीचा हंगाम. एरवी सरडा दिसला तरी निळा-काळा-केशरी पंखा फुलवत नाही, आणि पंखा नराच्याच गळ्याला असतो. ही जात, शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा (Sarada superba), 2016 मध्ये याच पठारावरून नव्याने नोंदली गेली.

- नर उंचशा दगडावर बसतो. दहा-बारा पावलांवर बसून राहा, दुर्बीण घ्या. मागे लागलात तर तो गवतात शिरतो.
- दगड उलटू नका. सरड्यांचा आसरा मोडतो, शिवाय खाली फुरसं असू शकतं.
- गाड्या मळलेल्या वाटेवरच ठेवा.

पठारावरच्या पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त आणि माणसाला कमी बुजणारे. पण 2018 च्या अभ्यासात तिथल्या नरांचे रंग फिके आढळले. फक्त मोजणी करायची असेल तर तिथे जा. रंगांच्या फोटोसाठी पवनचक्क्या नसलेला भाग उत्तम. ढगाळ हवा असेल तर मात्र फेरी पुढे ढकला, ऊन नसताना ते क्वचितच बाहेर येतात.