सार्वजनिक आरोग्याचा रोजच्या जगण्याशी आणि समाजाशी नेमका काय संबंध असतो?

संबंध इतका जवळचा आहे की तो सहसा नजरेतच भरत नाही. नळाला येणारे पाणी क्लोरीन मिसळून निर्जंतुक केलेले असते, मिठात आयोडीन असते (ते कमी पडले तर गलगंड होतो आणि गर्भातील बाळाच्या मेंदूची वाढही खुंटू शकते), मोटारीत बसताच आपण सीटबेल्ट लावतो. यांपैकी कशालाही आपण ‘उपचार’ म्हणत नाही, एवढेच.

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची (कॉलऱ्याची) साथ पसरली, तेव्हा हा रोग दूषित हवेमुळे होतो, अशीच बहुतेकांची समजूत होती. जॉन स्नो या डॉक्टरने मृतांची घरे नकाशावर नोंदवली, ती ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेली आढळली आणि त्याच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे. तरीही रोगाचे मूळ रुग्णाच्या शरीराबाहेर, त्याच्या वस्तीत शोधण्याची रीत पुढे रुजली. दाटीच्या, हवा न खेळणाऱ्या खोल्यांत क्षय अधिक पसरतो, हा प्रश्न माझ्या मते औषधांइतकाच घरबांधणीचाही आहे.

समाजाचा वाटा लसीकरणात सर्वांत स्पष्ट दिसतो. गोवराचा फैलाव रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के लोकांमध्ये रोगप्रतिकारशक्ती असावी लागते. जे तान्हे बाळ अजून लस घेण्याच्या वयाचे झालेले नाही, त्याचे संरक्षण शेजारच्या मुलांना लस टोचली आहे की नाही, यावर बरेचसे अवलंबून राहते.