‘कुणी’ नावाचं आमच्या घरात कोण राहतं?

"आई सारखी कुरकुर करते हो, काहीतरी सांगा तिला." समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की फोनवर समोरच्याने ‘आई’ म्हटलं की पुढचं मला पाठ असतं. आईच्या जागी कधी सासूबाई असतात, कधी ‘आमचे हे, रिटायर झाल्यापासून’, एकदा तर अकरावीतला मुलगा होता. आणि ज्यांच्याविषयी फोन येतो ती माणसं माझ्यासमोर येऊन बसली की त्यांचंही वाक्य ठरलेलं असतं: "मी बोलले की ती कटकट. मग बोलूच नको का?"

या प्रश्नाला मी पूर्वी पुस्तकी उत्तरं द्यायचे. आता देते ते उत्तर मला सुनंदाताईंमुळे सापडलं. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.)

सुनंदाताई नाशिकच्या. वय ५९, सरकारी कचेरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. घरी पती, मुलगा, सून. मुलाने गाडीतून आणून सोडलं आणि तो खालूनच परत गेला. त्या जिना चढून आल्या आणि दारातच म्हणाल्या, "बेल वाजत नाही तुमची. मी तीनदा दाबली. इथे कुणी लक्ष देत नाही वाटतं." मग पंखा आवाज करतो, खाली स्कूटर कशाही लावतात, पाणी कोमट आहे. पाण्याचं खरं होतं. बेलचंही.

पहिल्या दिवशी मी एक चूक केली. हल्ली सगळीकडे सांगतात तोच गृहपाठ दिला: तक्रार ओठावर आली की गिळा, आणि रात्री झोपताना दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा. आठ दिवसांनी त्या कोरी वही घेऊन आल्या.

"लिहिलं नाही?"

"चांगल्या गोष्टी लिहायला निवांत वेळ कुणी देतं का मला त्या घरात?"

मी हसले. मग त्याही हसल्या, जरा नाइलाजाने. हा उपाय वाईट नाही, अनेकांना लागू पडतो. पण ज्याचं म्हणणं वर्षानुवर्षं कुणी ऐकलेलं नाही, त्याला ‘चांगलं तेवढं बघा’ सांगणं म्हणजे त्याच्या तोंडावर आणखी एक हात ठेवणं. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगते. आपल्याकडे पुरुष बोलला की तो मुद्दा मांडतो आणि बाई बोलली की ती कटकट करते. तेव्हा कुरकुर करणारी बाई समोर आली की मी आधी विचारते, यातलं खरं किती? सुनंदाताईंच्या बाबतीत बरंच खरं होतं. तीस वर्षं नोकरी करून स्वयंपाकघर त्यांनी एकटीने ओढलं होतं.

मग मी उलटं सांगितलं. "हवी तेवढी तक्रार करा. फक्त मोजा." दुधाचा खाडा मांडतात तशी भिंतीवरच्या कॅलेंडरात, त्या दिवसाच्या चौकोनात, एक तक्रार एक रेघ. आणि जमलं तर वाक्य वहीत, जसं तोंडातून निघालं तसं.

पुढच्या वेळी त्या महिन्याचं पानच फाडून घेऊन आल्या. मंगळवारच्या चौकोनात ३१ रेघा होत्या. चौकोनात मावेनात म्हणून काही एकादशीच्या चौकोनात घुसल्या होत्या. "एवढ्या असतील असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि वही वाचू लागल्या.

"गॅसचं बटण कुणी नीट बंद करत नाही. ओला टॉवेल गादीवर कुणी टाकला? कढीपत्ता संपला तर कुणी सांगत नाही. घंटागाडी कधीच वेळेवर येत नाही, पण कुणाला काही आहे का त्याचं? माझे गुडघे दुखतात, कुणी विचारत नाही. कुणाला माझी काही पडलेलीच नाही."

पानभर झाल्यावर मी त्यांना थांबवलं. माझ्या कानाला जे कधीपासून टोचत होतं ते आता हाताला लागलं होतं.

"सुनंदाताई, तुमच्या घरात ‘कुणी’ नावाचं कोण राहतं?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग वहीकडे. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत गेलं. पंखा कुरकुरत होता, खाली कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती. अशा वेळी काही बोलायचं नाही, हे शिकायला मला या व्यवसायात दहा वर्षं लागली. मी बोलले नाही.

"कुणीच नाही," त्या म्हणाल्या. आणि बऱ्याच वेळाने, "म्हणजे मी रोज त्यालाच सांगत बसते होय."

त्या दिवशी आम्ही पुढे फार काही केलं नाही. गरजही नव्हती. घरी जाताना त्यांनी वहीतल्या प्रत्येक ‘कुणी’भोवती गोल करायचं ठरवलं. ३१ पैकी २३ निघाले.

‘कुणी’ला सांगितलेलं घरातल्या सगळ्यांना ऐकू जातं आणि त्यातलं कुणालाच लागू होत नाही. नवऱ्याला वाटतं सुनेला बोलली, सुनेला वाटतं मला टोमणा मारला, मुलगा कानात इअरफोन घालतो. काही महिन्यांत त्या आवाजाचा पंख्याचा आवाज होऊन जातो. रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण निर्दय आहे, पण घरं अशीच वागतात. आणि कुणी ऐकत नाही म्हणून बोलणारी आणखी बोलते.

तरी माझ्या मनात प्रश्न होताच. ही बाई कचेरीत पंचवीस माणसांकडून कामं करून घेत होती. सरळ नाव घेऊन सांगणं हिला येत नसेल? चौथ्या भेटीत टॉवेलचा विषय घेतला.

"टॉवेल गादीवर कोण टाकतं?"

"हेच. दुसरं कोण?"

"त्यांना सांगता?"

"सांगायचं काय त्यात? छत्तीस वर्षं झाली लग्नाला. कळायलाच हवं ना माणसाला."

अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास मनोविश्लेषणाची वाट सोडून जी विचारपद्धती मांडली आणि कि. मो. फडके यांनी जी मराठी वाचकांपर्यंत आणली, तिच्यावर माझा पिंड पोसलाय. तिचं म्हणणं साधं आहे. घडलेल्या गोष्टीने माणूस जेवढा जळतो, त्याहून जास्त तो ‘असं घडायलाच नको होतं’ या स्वतःच्या हट्टाने जळतो. इंग्रजीत हा हट्ट शोधावा लागतो, मराठीत तो ‘च’ होऊन समोरच बसलेला असतो. ‘कळायलाच हवं’ मधला च मी पकडला.

"कळायला हवं, हे बरोबर. पण नाही कळलं. आता?"

"मागून घेतलेल्याला काय किंमत, मॅडम?"

मी हे वाक्य कितीतरी बायकांकडून ऐकलंय आणि दर वेळी वाटतं की यामागे एक अख्खं माहेर उभं असतं. सुनंदाताईंच्या माहेरीही तेच होतं. मोठं कुटुंब, कडक आजोबा. मुलीने ताटात काय हवं ते मागायचं नाही, वाढतील ते खायचं. आईनेही कधी काही मागितलं नाही. ती भांडी घासताना भिंतीशी बोलायची. हे सांगता सांगता त्या मध्येच थांबल्या.

"मागायची बंदी होती. पुटपुटायची नव्हती," त्या म्हणाल्या.

याहून नेमकं मला सुचलं नसतं. तेव्हापासून कुरकुर ऐकली की मी तिला ‘नकारात्मक स्वभाव’ म्हणत नाही. तो शब्द मला आवडतच नाही. बहुतेक वेळा ती वेषांतर केलेली मागणी असते. कचेरीत सुनंदाताई खुर्चीच्या अधिकाराने सांगत. घरात ती खुर्ची नव्हती, म्हणून घरात त्या पुटपुटत. त्यांना गप्प करायची गरज नव्हती, मागायला शिकवायची होती. उशिरा, पण शिकता येतं.

कसं, तेही सांगते, कारण वाचणाऱ्यांना तेच हवं असतं. वाक्यात माणसाचं नाव घ्यायचं किंवा ज्याने हाक मारतो तो शब्द. मग एकच काम. मग कधी. आम्ही समोरासमोर बसून म्हणून पाहिलं.

"अहो, आंघोळ झाली की टॉवेल गॅलरीतल्या दोरीवर टाका."

"छान."

"...का तोही मीच उचलायचा जन्मभर?"

याला आम्ही शेपूट म्हणू लागलो. मागणी नीट निघते आणि तिच्या मागून जुनं दुखणं लोंबकळत येतं. ऐकणाऱ्याला फक्त शेपूट ऐकू येतं, तो त्यालाच उत्तर देतो आणि टॉवेल गादीवरच राहतो. शेपूट तोडायला त्यांना दोन आठवडे लागले. यजमान पहिल्या दिवशी "बरं" म्हणाले आणि टॉवेल दोरीवर गेला. चुरगाळून, पण गेला. पाचव्या दिवशी परत गादीवर आला. तिथे ‘सांगून काय उपयोग’ म्हणत सोडून द्यायचं नसतं. परत तेच वाक्य, त्याच आवाजात. सवय दोघांची असते, मोडायलाही दोघांना वेळ लागतो.

सगळ्या तक्रारी टॉवेलसारख्या नसतात. घंटागाडीचं उदाहरण बघा. ती साडेसहाला येऊन जायची आणि खालच्या बायका पायऱ्यांवर उभ्या राहून आठ वाजेपर्यंत तिला नावं ठेवायच्या. तीन महिने हा कार्यक्रम चालला होता. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात मात्र कुणी गेलं नव्हतं. ‘तक्रार करणं’ आणि ‘तक्रार नोंदवणं’ यांत आपल्या भाषेने फरक ठेवलाय, तो उगाच नाही. नोंदवलेल्या तक्रारीला तारीख असते, पोच असते. सुनंदाताईंनी अर्ज लिहिला, अकरा सह्या घेतल्या, पोच घेतली, दोनदा खेटे घातले. गाडीची वेळ बदलली. त्या दिवशी त्यांनी मला पेढा आणला आणि वर म्हणाल्या, "ड्राफ्टिंग माझं होतं." मलाही त्यांचा अभिमान वाटला, आणि थोडा माझाही. खोटं कशाला बोलू?

गुडघेदुखीवर मात्र घरच्या कुणाकडे उपाय नव्हता. डॉक्टर, व्यायाम चालू होतं. अशा वेळी माणसाला फक्त ऐकणारं कुणी हवं असतं. मग तसंच मागायचं: "दहा मिनिटं बस माझ्याजवळ. उपाय नको, नुसतं ऐक." सुनेला हे इतकं सोपं वाटलं की ती म्हणाली, आई, आधी का नाही सांगितलंत? (ते ‘आधी का नाही’ हेही शेपूटच, पण ते मी सोडून दिलं.)

जळगावच्या बहिणीचा रोजचा तासाभराचा फोन हे वेगळंच प्रकरण होतं. दोघी एकमेकींच्या घरांची धुणी धूत. अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीविषयी एक निरीक्षण मांडलं होतं: तीच ती दुःखं परत परत उगाळणाऱ्यांत मैत्री घट्ट असते, आणि त्यांच्यात उदासी, काळजीही जास्त दिसते. वयाची साठी गाठलेल्या बहिणींनाही ते लागू होतं असं माझं मत आहे. मी फोन बंद करायला सांगितलं नाही. पहिली पंधरा मिनिटं गाऱ्हाणी, मग विषय बदलायचा, एवढंच सुचवलं. बहिणीला राग आला. अजूनही थोडा आहे.

घरच्यांना एकदाच बोलावलं. त्यांना एक गोष्ट सांगितली: सरळ मागणी आली की सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणा. ‘बघू’ म्हणायचं नाही. कारण ‘बघू’ आला की ‘कुणी’ परत घरात येतो. यजमान खाली बघत होते. मग म्हणाले, "आम्ही ऐकणंच बंद केलं होतं."

आणि एक सावधगिरी. कधीच कुरकुर न करणारा माणूस अचानक सतत तक्रारी करू लागला, झोप उडाली, जेवण सुटलं, कशात रस वाटेनासा झाला, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. ती सवय नसून आजार असू शकतो. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे.

दोन महिन्यांनी कॅलेंडरातल्या रेघा दिवसाला पाच-सहावर आल्या. मला वाटलं संपलं काम. पण सुनंदाताई उतरलेल्या चेहऱ्याने आल्या. "घर शांत झालंय मॅडम. मला करमत नाही. बोलायला काही उरलंच नाही." याचा मी विचार केला नव्हता. इतकी वर्षं त्या घरात बोलण्याचा एकच धागा होता, तोही आम्ही काढून घेतला होता. पुढच्या तीन भेटी गॅस, टॉवेल सोडून यातच गेल्या. त्यांना सोबत हवी होती, आणि सोबत मागणं टॉवेलपेक्षा कितीतरी अवघड. शेवटी एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "अहो, सहाला गंगापूर रोडने चालायला येता का माझ्याबरोबर?" यजमानांनी आधी विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुला?" मग चपला घातल्या.

शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा दार मीच उघडलं. त्या आत आल्या नाहीत.

"मॅडम, तुमची बेल अजून बंद आहे. खालच्या गल्लीत इलेक्ट्रिकचं दुकान आहे, त्याला शनिवारी चारच्या आत बोलवा. नंतर तो घरी जातो."

त्यांचं तोंड आणखी काही बोलायला उघडलं. मला शेपूट दिसलं. त्यांनी ते गिळलं, पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि आत येऊन बसल्या.