मोहोर खुडायची वर्षं

बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझा नऊ पानी आराखडा दोनदा वाचला. वडलांचा पाच एकर कातळ, त्यावर हापूस, बांधाला काजू, मग रसाचा कारखाना आणि पाचव्या वर्षी माल परदेशी. स्वप्न मोठं आहे, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्या ‘पाचव्या वर्षी’ला. हापूसचं कलम पाचव्या-सहाव्या वर्षी जेमतेम तोंड दाखवतं. पदरात काही पडावं असा आंबा दहाव्याच्या पुढे, आणि तोही एक वर्ष भरभरून, तर पुढच्या वर्षी रुसून.

मी कलमं लावली १९९१ च्या पावसाळ्यात. रोजगार हमीतून फळबाग योजना तेव्हा नुकतीच आली होती. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, माती बाहेरून आणून भरली. तिसऱ्या वर्षी थंडीत पाहतो तर कलमांना मोहोर! अख्खं घर बघायला आलं. दापोलीच्या विद्यापीठातले एक सर तेव्हा बागेत आले होते. त्यांनी एका कलमाचा मोहोर माझ्यादेखत खुडला आणि म्हणाले, "उरलेला तू काढ. आता फळ धरलंस तर झाड अंग धरणार नाही." मी अर्धी बाग खुडली. उरलेल्या अर्धीला हात धजावला नाही. दहाव्या वर्षी गडग्यावर उभं राहिलं की कुठली बाजू खुडलेली, हे परक्यालाही कळायचं.

तुलाही असा मोहोर येईल. कुणी म्हणेल, कर्नाटकचा आंबा आणून दे, वर तुझं लेबल लाव, हजार पेट्या लगेच उचलतो. पैसे खरे असतील, माणूसही गोड असेल. तरी खूड.

पण खुडायला पोट भरलेलं लागतं, आणि तुझ्या नऊ पानांत नेमकं हेच नाही. पहिली आठ-दहा वर्षं घर कशावर चालणार? आमचं तुझ्या काकीच्या कोकमांवर चाललं. पावसाच्या आधी रातांबे फोडायचे, आमसुलं वाळवायची, आगळ बाटल्यांत भरायचं. शिवाय फणसपोळी, आणि कलमांच्या मधल्या जागेत भाजी नि कुळीथ. गावात कुणी त्याला धंदा म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं, हे काकीला अजून आठवतं. पण सावकाराचं तोंड बघावं लागलं नाही ते त्या बाटल्यांमुळे.

कर्ज काढलं ते मी, आणि ते कारखान्यासाठी. स्वतःचा आंबा पुरता हाती यायच्या आधीच रस काढायचं यंत्र आणून बसवलं. यंत्र वर्षाला दोन महिने चालायचं, व्याज बारा महिने. शेवटी भंगारात गेलं. तुझं सातवं पान म्हणून पेन्सिलीने खोडलंय, रागावू नको. सध्या दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरी देऊन रस काढून घे.

आणखी एक. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै कोकणच्या रेल्वेसाठी झटत राहिले आणि १९७१ मध्ये गेले. त्यांच्या जागी मधु दंडवते निवडून आले, त्यांनी तीच मागणी लावून धरली. महामंडळ झालं १९९० मध्ये, आणि रोहा ते मंगळूर सलग मार्ग खुला झाला २६ जानेवारी १९९८ ला. आज तू खेडला उतरतेस ती त्याच मार्गावर. तुझ्या आराखड्यात तुझ्यानंतर कोण, याची ओळ नाही. आत्ता नाव सुचणार नाही, पण जागा मोकळी सोड.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. एकोणतीस वर्षांची बाग एका दुपारी आडवी. उभी राहिली ती झाडं बोटांवर मोजण्याइतकी. महिनाभर मी बागेकडे फिरकलो नाही. पुढच्या पावसात काकीनेच रोपवाटिकेतून कलमं आणून ठेवली, काही न बोलता. वयाचा हिशेब केला तर त्यांचा भर मी बघेन की नाही, सांगता येत नाही. पहिले मोहोर मात्र या खेपेला सगळे खुडले.

तू मृगाच्या आधी ये. खड्डे तोवर तयार असायला हवेत, आणि कलमांची नोंदणी आधीच कर, ऐनवेळी चांगली उरत नाहीत. गमबूट तिकडूनच घेऊन ये, इथे तुझ्या मापाचे मिळत नाहीत.

तुझा,
काका