चार सेकंदांसाठी दिवस घालवायचा का? घालव, पण शनिवारचा

तू विचारलंयस की एप्रिलमध्ये दादाकडे अमेरिकेत शार्लटला जातोयस, त्याच आठवड्यात तिथे ड्रॅग रेस, म्हणजे सरळ छोट्या ट्रॅकवर उभ्या जागेवरून सुटायची शर्यत आहे, आणि वहिनी म्हणतात, "पावणेचार सेकंदांत संपणाऱ्या गोष्टीसाठी अख्खा दिवस उन्हात कशाला बसायचं? यूट्यूबवर बघा की." माझी मुलगी तिथे असताना मी त्याच झीमॅक्स ट्रॅकवर तीनदा जाऊन आलोय, म्हणून लिहितो. वहिनींचं गणित बरोबर आहे. तरी जा.

पहिल्या वेळी मीही जावयाचं मन राखायला म्हणून गेलो होतो. पीथमपूरच्या कारखान्यात तीस वर्षं इंजिनांशी झटलेला माणूस, मला काय नवीन दाखवणार, हा तोरा. जावयाने कानात घालायला फोमचे बोळे दिले, ते मी खिशात टाकले. सकाळपासून छोट्या वर्गांच्या गाड्या पळत होत्या, आवाज मोठा होता पण ओळखीचा. मग टॉप फ्युएलच्या, म्हणजे सगळ्यात वेगवान वर्गाच्या, चार गाड्या सुटायच्या रेषेवर आल्या. मी जावयाला काहीतरी विचारायला मान वळवली आणि तेवढ्यात दिवे लागले.

त्याला आवाज म्हणता येत नाही. आपल्या इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे मिरवणुकीत, राजवाड्यासमोर डीजेच्या गाडीला खेटून उभं राहिलं की शर्ट थरथरतो ना, तिथून सुरुवात धर. पण गेरचा आवाज लांबून वाढत येतो, अंगाला सवय होते. हा आला तो एकदम पूर्ण आला. हाताखालचा लोखंडी कठडा झिणझिणला, छातीत आतून कोणीतरी धपके घातले, आणि समोरचं चित्र हललं. ट्रॅक हलला की माझे डोळे, अजून कळलेलं नाही. मी वळून बघेपर्यंत लांब टोकाला गाड्या थांबवायच्या छत्र्या उघडलेल्या होत्या. म्हणजे पहिली रेस मी बघितलीच नाही! फोनचा माइक हा आवाज एका मर्यादेवर कापून टाकतो, म्हणून यूट्यूबवर तो फटाक्यांच्या लडीसारखा वाटतो. बोळे आणि वरून हेडफोनसारखे कानझाकण, दोन्ही लाव. दादाचा मुलगा येणार असेल तर त्याच्या बाबतीत याला पर्याय नाही.

हे कशामुळे होतं ते आधी समजून जा, मजा दुप्पट होईल. या गाड्यांत पेट्रोल नसतं. ९० टक्के नायट्रोमिथेन आणि बाकी मिथेनॉल. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, नायट्रोमिथेनला १.७, कारण निम्म्याहून जास्त वजनाचा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो. म्हणजे तेवढ्याच हवेत आठपटीहून जास्त इंधन कोंबता येतं. इंजिन आठ सिलिंडरचं, ८.२ लिटरचं, डोक्यावर हवा जोराने आत कोंबणारा सुपरचार्जर, आणि ताकद अंदाजे ११ हजार अश्वशक्ती. आपल्या साध्या हॅचबॅकची असते ऐंशीच्या आसपास. ड्रायव्हर धरून वजन टनभर. शून्यापासून ताशी १६० किमी व्हायला एक सेकंदही लागत नाही. टायर गरम करण्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत पन्नासेक लिटर इंधन संपतं, आपल्या गाडीची भरलेली टाकी. गिअरबॉक्स नाहीच, सगळा खेळ क्लच किती आणि कधी घसरू द्यायचा याचा.

कोणी पाव मैलाची रेस म्हणालं तर टॉप फ्युएल आणि फनी कार या दोन वरच्या वर्गांपुरतं ते जुनं झालं. २००८ मध्ये इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर स्कॉट कॅलिटा या ड्रायव्हरचा मृत्यू झाला, त्यानंतर या दोन वर्गांचं अंतर १,००० फूट केलं, म्हणजे ३०५ मीटर. वेग मात्र कमी झाला नाही. २०२२ मध्ये ब्रिटनी फोर्स ही ड्रायव्हर टॉप फ्युएलमध्ये ताशी ३३८ मैलांवर गेली, म्हणजे जवळपास ५४४ किमी. वहिनींना हेही सांग की शर्ली मल्डाउनी १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीनदा टॉप फ्युएलची विजेती होती. बायकांसाठी वेगळा वर्ग वगैरे भानगड या खेळात नाही.

आता खरं सांगायचं ते. चार सेकंद बघायला जाऊ नकोस, दोन रेसच्या मधला तास बघायला जा. तिकिटातच पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करतात त्या जागेत, हिंडायची मुभा असते, आणि एवढ्या वरच्या पातळीच्या खेळात हे मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. गाडी परत आली की दहाबारा जण तिच्यावर तुटून पडतात. हेड उतरतं, पिस्टन बाहेर येतात, क्लच सुटतो, आणि तासाभरात सगळं परत जुळतं. तू दोरीच्या अलीकडे हातभर अंतरावर. एक पोरगा स्पार्क प्लग ओळीने मांडून भिंगातून एकेकाचं टोक बघत होता, वैद्य जीभ बघतो तसा. बाजूला एक मुलगी उष्णतेने निळ्या पडलेल्या क्लचच्या चकत्या मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहीत होती, वहीच्या पानावर काळे अंगठे उमटलेले. तोच मायक्रोमीटर, तसेच अंगठे. माझी तीस वर्षं समोर बसून आकडे लिहीत होती. जावई बोलावत राहिला, मी पाऊण तास हललो नाही.

मग इंजिन जुळवून चालू करतात, तेव्हा वाऱ्याची दिशा बघून उभा राहा. घरात लाल मिरच्या भाजल्यावर जो ठसका लागतो, तोच, पण डोळ्यांत आधी जातो. क्रू तोंडाला गॅस मास्क लावतो, यावरून समज. लोक रडत, खोकत, हसत तिथेच उभे असतात. मीही होतो.

इथले बरेच जण रविवारचं तिकीट काढ म्हणतील, कारण निकाल त्या दिवशी लागतो. माझं मत शनिवार. रविवारी फेरीगणिक गाड्या निम्म्या होत जातात, शनिवारी पात्रता फेरीत सगळ्या पळतात. संध्याकाळचं सत्र मिळालं तर सोडूच नकोस, अंधारत आलं की इंजिनाच्या धुराच्या नळकांड्यांतून वर जाणाऱ्या ज्वाळा दिसतात. शार्लटला चार गाड्या एकदम सुटतात. चारही बघायला जाशील तर एकही दिसणार नाही, एक लेन धर. सुटायच्या रेषेजवळच्या खांबावर तिन्ही पिवळे दिवे एकत्र लागतात, ०.४ सेकंदाने हिरवा, त्याआधी गाडी हलली तर लाल आणि बाद. ड्रायव्हरने हिरव्यावर निघायला घेतलेला वेळ गाडीच्या वेळेत धरत नाहीत, म्हणून कधी कधी कमी सेकंदांत पोचलेली गाडीही हरते. पहिल्यांदा मला वाटलं बोर्डच बिघडला.

बसायला सुटायच्या रेषेपासून थोडं पुढे आणि वरची रांग. ट्रॅकवर तेल सांडलं की बराच वेळ काम थांबतं, पाऊस आला तर सगळंच, तेव्हा टोपी, पाणी आणि शेवेचा डबा.

आणि भिया, आपल्याकडे सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर रात्री पोरं गाड्या पळवतात "तसंच का?" असं विचारलंयस, ते परत विचारू नकोस. तिकडे रेषेजवळ डांबरासारखा चिकट थर देतात, क्रूचे बूट चर्रचर्र करत उचलतात, दोन्ही बाजूंना भिंती असतात, पलीकडे रुग्णवाहिका उभी असते. इथे समोरून येतो तो कोणीतरी ड्युटीवरून घरी चाललेला माणूस.

पिटमध्ये वापरलेले भाग कधी कधी विकतात किंवा नुसते देऊन टाकतात. एखादा जळका स्पार्क प्लग मिळाला तर माझ्यासाठी आण. फक्त चेक-इन बॅगेत टाक. मी पिस्टन हातातल्या बॅगेत ठेवला होता आणि विमानतळावर अर्धा तास ते काय आहे हे समजावत बसलो होतो.