द्विशिक्षकी शाळेचा गुणवत्ता आराखडा: टक्के नंतर, आधी मुलांची नावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिली ते चौथीची जिल्हा परिषद शाळा, पट 41, शिक्षक दोन. वर्षाच्या सुरुवातीच्या सरकारी पायाभूत चाचणीची सरासरी 58 टक्के, तरी तिसरी-चौथीतल्या 19 पैकी 7 मुलांना धड वाचता येत नाही. केंद्रप्रमुखांनी (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) सुधारणा आराखडा मागितलाय आणि तुमच्या मसुद्यात 14 उपक्रम आहेत.

चौदापैकी बारा काढून टाका. वाचन कट्टा, शब्दडोंगर, पाढे पाठांतर यांत वाईट काहीच नाही. पण कोणत्या मुलाला काय येत नाही, हे त्यातल्या एकाही ओळीवरून कळत नाही. आणि दोन शिक्षक चौदा उपक्रम चालवू शकत नाहीत, ते फक्त चौदा फोटो काढू शकतात.

58 टक्क्यांवर आराखडा उभा करू नका. सरासरीत वरची सहा-सात मुलं खालच्यांना झाकून टाकतात. शिवाय चाचणी लेखी असते: पर्यायी प्रश्नाला अंदाजाने खूण करता येते, शेजारच्याचं दिसतं, आणि न वाचणाऱ्याला प्रश्न कुणीतरी वाचून दाखवतंच. पहिलीची मुलं तर त्या चाचणीत नसतातच. वर्गवार निकाल अहवालाला ठेवा, नियोजनासाठी तोंडी तपासणी करा.

तपासणी 'असर'च्या (मुलांचं वाचन-गणित तोंडी तपासणारं देशव्यापी सर्वेक्षण) धर्तीची पुरेशी आहे. भाषेच्या पाच पातळ्या: प्रारंभिक (अक्षरंही न येणारी मुलं), अक्षर, शब्द, परिच्छेद (चार सोपी वाक्यं) आणि गोष्ट (आठ-दहा वाक्यं). सुरुवात परिच्छेदापासून करा. मूल वाक्य म्हणून वाचत असेल आणि चुका तीन किंवा त्याहून कमी असतील, तर गोष्ट द्या. अडखळलं तर शब्द. पाचपैकी चार शब्द बरोबर आले की शब्द पातळी, नाहीतर अक्षरं. उतारा पाठ्यपुस्तकातला नको. धडे मुलांना पाठ असतात, पुस्तक उलटं धरलं तरी 'वाचतात'. बाकीची मुलं ऐकू येईल इतक्या जवळ नकोत, आणि वाचताना दुरुस्ती करायची नाही, मान हलवायची नाही. ते शिक्षकाला सगळ्यात जड जातं.

गणितात 1 ते 9 ओळख, 11 ते 99 ओळख, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग. एका मुलाला दोन्ही विषय मिळून आठ-दहा मिनिटं. पहिलीला जूनमध्ये तपासू नका, त्यांचं विद्याप्रवेश (पहिलीच्या सुरुवातीचा शाळापूर्व तयारीचा कार्यक्रम) चालू असतं, दिवाळीनंतर घ्या. उरलेली मुलं दोघांत वाटून चार-पाच दिवसांत होतात. एकमेकांचे वर्ग अदलाबदल करून तपासा. आपल्या मुलाला "येतं हो त्याला, आज घाबरला" असा अर्धा गुण प्रत्येकजण देतो.

निघालेल्या माहितीचा एकच तक्ता करा: रकाने पातळ्यांचे, आत मुलांची नावं, नावापुढे इयत्ता. हे आराखड्याचं पहिलं पान.

दुसरं पान वेळापत्रकाचं. परिपाठानंतर रोज 45 मिनिटं भाषा आणि 45 मिनिटं गणित, दुसरी ते चौथी एकत्र, इयत्तेऐवजी पातळीनुसार. भाषेला एका शिक्षकाकडे प्रारंभिक-अक्षर-शब्द गट, दुसऱ्याकडे परिच्छेद-गोष्ट. पहिलीची मुलं भाषेच्या वेळी एकाकडे, गणिताच्या वेळी दुसऱ्याकडे बसवा, म्हणजे तो भार एकाच माणसावर पडत नाही. खालचा गट दोघांपैकी ज्याचा हात वाचन शिकवण्यात चांगला, त्याने घ्यायचा. बहुतेक शाळांत नेमकं उलट होतं: अनुभवी शिक्षक शिष्यवृत्तीच्या मुलांकडे आणि अडलेली मुलं मागच्या भिंतीला टेकून पुस्तकातलं उतरवून काढत. सुंदर अक्षरात पान भरणारं मूल वाचू शकतं असं नाही.

"मग अभ्यासक्रम कधी?" हा प्रश्न तुमचे सहकारी विचारतीलच. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला किमान 200 दिवस आणि 800 तास आहेत, म्हणजे दिवसाला चार तास. त्यातले दीड काढले तरी इयत्तेच्या कामाला अडीच उरतात. ज्याला वाचता येत नाही, त्याला परिसर अभ्यासाचा धडा शिकवून फारसं काही होत नाही, हेही स्पष्ट सांगा.

आता गटात काय करायचं. मुलं सर्वांत जास्त अडकतात ती शब्द पातळीवर, आणि आराखड्यात त्याबद्दल काहीच नसतं. मूल "क ला काना का, ग ला काना गा" करत शेवटच्या अक्षराला पोचेपर्यंत पहिलं विसरतं. त्याला आणखी शब्दयाद्या देऊन उपयोग नाही. रोज चार ओळींचा एक उतारा घ्या: शिक्षकाने बोट फिरवत वाचायचं, मग सगळ्यांनी मिळून, मग दोघादोघांनी, शेवटी एकेकट्याने. पंधरा मिनिटं. त्यानंतर उताऱ्यातलेच शब्द सुटे करून खेळ. अक्षर गटात वर्णमालेच्या क्रमाने जाऊ नका. म, क, र, ल, न यांसारखी पाच-सहा अक्षरं आणि लगेच काना घ्या, म्हणजे पहिल्याच आठवड्यात मूल 'काका', 'मामा', 'नाक' वाचतं. ब-व, म-भ, घ-ध, प-ष या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका, त्या तशाच चिकटून बसतात. जोडाक्षरं आणि रफार शेवटी. 'सूर्य' आणि 'चक्र' यांत 'र' कुठे आधी येतो नि कुठे नंतर, हे वेगळं बसून शिकवावं लागतं.

वाचनवेगाला निपुण भारतचं (पायाभूत वाचन-गणिताचं केंद्राचं अभियान) लक्ष्य दुसरीला मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीला किमान 60, पण अर्थासह. स्टॉपवॉच लावून शर्यत घेतली की मुलं ओळी गाळायला शिकतात. उतारा झाला की तीन प्रश्न विचारा, एक तरी असा की ज्याचं उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेलं नाही.

गणितात चूक कोणती, ते नोंदवा. नुसतं चूक-बरोबर नको. 52 वजा 27 चं उत्तर 35 आलं, तर मुलाने सातातून दोन काढलेत, म्हणजे वजाबाकीचा नियम त्याने स्वतःच बनवलाय. 'त्रेपन्न' ऐकून 35 लिहिलं, तर आपण एकक आधी बोलतो त्याचा घोळ. 'पाचशे तीन'चं 5003 झालं, तर स्थानिक किंमत नाही. तिन्हींचा उपाय फळ्यावर नाही, हातात आहे: चार मुलांच्या गटाला दहा-दहाचे नऊ गठ्ठे आणि वीस सुट्या काड्या. खराट्याच्या हिरांचे तुकडे चालतात. गठ्ठा सोडून दहा सुटे केल्याशिवाय हातचा म्हणजे काय ते कळत नाही. शंभराच्या पुढे खेळण्यातल्या 100, 10, 1 च्या नोटा. दोन-तीन आठवडे काड्या, मग काड्या आणि मांडणी सोबत, मग नुसती मांडणी. मधली पायरी गाळली की काड्यांनी येणारं मूल वहीत पुन्हा 35 लिहितं.

फेरतपासणी दर सहा आठवड्यांनी, आणि फक्त सर्वांत वरच्या पातळीला न पोचलेल्यांची. पातळी चढली की त्याच दिवशी गट बदला. गट न बदलणारी शाळा म्हणजे 'ढ' मुलांचं बाक, नाव काहीही द्या. सलग दोन फेऱ्यांत न हललेल्या मुलाला उपक्रम वाढवून देऊ नका. आधी हजेरीपट बघा. मग डोळे आणि कान: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्या मुलाचं नाव सांगून तपासून घ्या. घरची भाषा भिली, पावरी, कोरकू असेल तर सूचना त्या भाषेत देणारं मोठं मूल शेजारी बसवा. तरीही शंका राहिली तर समावेशित शिक्षणाच्या (विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या) विशेष शिक्षकांना बोलवा. ऊसतोडीला जाणारी घरं असतील, तर दिवाळीआधीची फेरी त्या मुलांपासून सुरू करा. स्थलांतर करणाऱ्या मुलांना दिल्या जाणाऱ्या शिक्षण हमी कार्डावर नुसती इयत्ता न लिहिता वाचनाची पातळीही लिहा.

लक्ष्य लिहिताना 'सर्व मुले प्रगत' असं वाक्य नको. असं लिहा: "शब्द पातळीवरची ही सात मुलं (नावं) दिवाळीच्या सुट्टीपर्यंत परिच्छेदावर, भाषेचा खालचा गट अमुक शिक्षकांकडे." सातपैकी पाचच पोचली तरी दोन कोण, हे तुम्हाला माहीत असतं.

हे सगळं सर्वांत आधी मोडतं ते एक शिक्षक रजेवर किंवा बैठकीला गेला की. तेव्हाचा नियम आत्ताच लिहून ठेवा: एकच शिक्षक असेल त्या दिवशी गोष्ट गट जोडीने पुस्तकं वाचेल, खालचा गट मात्र बुडणार नाही. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी त्या दीड तासात होणार नाहीत, असा शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. ठराव असला की फोनवर "नंतर पाठवतो" म्हणायला बळ येतं.

समितीपुढे टक्केवारी वाचून दाखवू नका, समजत नाही आणि कोणी विचारतही नाही. त्याऐवजी मुलांना नवा उतारा वाचायला लावा, पण निवडक हुशार मुलांना नव्हे. कायद्याने शाळा विकास आराखडा ही समितीची जबाबदारी आहे आणि समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तेव्हा हजेरीचं काम त्यांच्याकडे सोपवा.

पैशाचं फार मनावर घेऊ नका. 31 ते 100 पटाला संयुक्त शाळा अनुदान (शाळेच्या खर्चासाठी वर्षाला मिळणारं) 25,000 रुपये, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेला. बाकी वीजबिल, रंगरंगोटीत जातं. वर सांगितलेल्या काड्या, रबरबँड, उताऱ्यांची कार्डं दोन-तीन हजारांत बसतात.

केंद्रप्रमुखांना तक्ता, वेळापत्रक, लक्ष्यं आणि फेरतपासणीच्या तारखा अशी चार पानं द्या. विहित नमुना भरावाच लागेल. तो भरा आणि ही पानं मागे जोडा. मूळ तक्ता मात्र वहीत ठेवा, प्रत्येक फेरीची तारीख आणि तपासणाऱ्याची सही घालून. बदल्यांच्या वेळी पदभाराच्या यादीत ती वही लिहा, म्हणजे नव्या शिक्षकाला जूनमध्ये सगळं पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागणार नाही.