घड्याळं जमवणारे लोक काही घड्याळं वर्षानुवर्षं ठेवतात आणि काहींचा त्यांना महिन्याभरात कंटाळा येतो, असं का?

प्रश्नाखाली ताईंनी लिहिलंय की नवऱ्याकडे १६ घड्याळं आहेत, त्यातली दोन-तीनच घालतो, बाकीची विकत नाही की बघत नाही, आणि वर सतरावं शोधतोय, तर आता पन्नासाव्या वाढदिवसाला त्याला घड्याळच द्यावं का. ताई, तुमच्या मिस्टरांना मी कधी भेटलेलो नाही पण माणूस पुरता ओळखीचा वाटतोय. माझ्याकडे एके काळी २३ होती, आता ९ आहेत, आणि मधल्या १४ चा हिशोब बायकोला अजून नीट दिलेला नाही.

आधी एक गोष्ट वेगळी करू. ठेवणं वेगळं आणि घालणं वेगळं. तुमच्या प्रश्नात दोन्ही एकत्र झालंय, आणि मीही बरीच वर्षं एकच समजत होतो.

मला हे कळलं ते कालनिर्णयमुळे. एका १ जानेवारीला मी ठरवलं की रोज कुठलं घड्याळ घातलं ते तारखेच्या चौकटीत लिहायचं, दुधाच्या खाड्याशेजारी. "पा", "टा", "कॅ", "सै" अशी अक्षरं. बायकोला चार महिने वाटत होतं की मी कुणाला तरी पैसे देतोय. वर्ष संपल्यावर मोजलं तर २३ पैकी फक्त ४ घड्याळांनी मिळून २९० च्या आसपास दिवस खाल्ले होते आणि ७ घड्याळं अशी होती की वर्षभरात एकदाही हातावर आली नव्हती. आणि गंमत म्हणजे त्या सातांमध्ये माझं सगळ्यात महागडं घड्याळ होतं.

ती चार कुठली? एचएमटी पायलट, टायटन एज, कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू आणि एक सैको ५. यातलं एकही लोकांना दाखवावं असं नाही. कॅसिओ तर रस्त्यावरच्या स्टॉलवरसुद्धा लटकलेलं असतं, निदान त्याची नक्कल तरी.

मग मी बसून विचार केला की हीच का. आणि जी कारणं सापडली ती इतकी फालतू आहेत की घड्याळवाल्यांच्या ग्रुपवर सांगितली तर लोक हसतील, तिथे इतिहास आणि मशीनच्या फिनिशिंगवर गप्पा चालतात. पण खरी तीच आहेत.

माझी लोकल ६:५२ ची. साडेसहाला मी ड्रॉवर उघडतो. ऑटोमॅटिक घड्याळ हाताच्या हालचालीवर चालतं, काढून ठेवलं की साधारण दीड-दोन दिवसांत बंद पडतं. म्हणजे चार ऑटोमॅटिक आलटून पालटून घालायची म्हटली तर कुठल्याही सकाळी त्यातली दोन तरी बंदच असणार. जुन्या सैको ५ मध्ये ७एस२६ नावाचं मशीन असतं, त्याला हाताने चावी देता येत नाही, हलवून हलवून चालू करायचं, मग वेळ लावायची, मग तारीख, मग वार. आणि तारीख लावताना आणखी एक भानगड, काटे रात्री नऊ ते पहाटे चारच्या मधे असतील तर तारीख पटकन फिरवायची नाही, कारण त्या वेळात तारखेची चक्रं आतून एकमेकांत अडकलेली असतात आणि दात तुटू शकतो. बंद पडलेल्या घड्याळात सकाळचे नऊ आहेत की रात्रीचे हे बघून कळत नाही, म्हणून आधी काटे फिरवून तारीख कधी बदलते ते बघा. हे सगळं ६:३५ ला, एका हातात डबा. मग माणूस काय करतो, जे आधीपासून चालू आहे ते उचलतो आणि पळतो.

म्हणून टायटन एज. सेलवर चालतं, कायम चालू. २००२ मध्ये आलं तेव्हा त्याचं मशीन १.१५ मिलिमीटर आणि अख्खं घड्याळ ३.५ मिलिमीटर जाडीचं होतं, होसूरला बनलेलं, आणि मला विचाराल तर आपल्याकडे त्याचं म्हणावं तेवढं कौतुक झालं नाही. फुल शर्टाच्या कफखाली ते असं सरकतं की दिवसभर आठवत नाही हातात घड्याळ आहे ते. उलट माझं पाणबुड्यांचं म्हणून घेतलेलं सैको एसकेएक्स००७, फोटोत बघाल तर वा, काय मर्दानी घड्याळ, २०० मीटर पाण्यात चालणारं. पण जाडी १३ मिलिमीटरच्या वर, माझं मनगट साडेसहा इंच, कफचं बटण लागत नाही, आणि मी पाण्यात उतरतो ते फक्त जुलैमध्ये डोंबिवली स्टेशनबाहेर. एका मित्राला दिलं, तो सहा फुटी आहे, त्याच्या हातावर काय शोभतं ते.

आणि डोळे! हे कुणीच बोलत नाही. चाळिशी लागली आणि माझ्या तीन क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवाल्या घड्याळांचा एका वर्षात निकाल लागला. त्या छोट्या छोट्या तबकड्या, त्यात बारीक आकडे, त्यावर एक केसाएवढा काटा. वेळ बघायला चष्मा शोधायचा तर मग मोबाईल काय वाईट आहे. मी तेव्हा स्वतःला सांगत होतो की माझी "आवड बदलली". आवड कसली बदलतेय, नंबर बदलला होता.

पायलट टिकलं त्याचं कारणही हेच. काळी डायल, त्यावर मोठे पांढरे आकडे, अंधारलेल्या किचनमध्ये चष्म्याशिवाय दिसतं. तारीख नाही, वार नाही, त्यामुळे दोन दिवस बंद असलं तरी वीस सेकंदांत तयार. आणि रोज चावी द्यायची ती मी चहाला उकळी येईपर्यंत देतो, म्हणजे त्याची दिवसात एक ठरलेली जागा झाली आहे. बाकी घड्याळांना अशी जागा नाही, त्यांना रोज सकाळी नव्याने अर्ज करावा लागतो.

आता पायलट कसं आलं ते सांगतो कारण त्यात कंटाळ्याचं दुसरं कारण आहे. एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनवायला सुरुवात केली, जनता, पायलट, सोना, कोहिनूर, जवान, कांचन, आपल्या आईवडिलांच्या पिढीच्या मनगटावर हेच होतं. मग टायटन आलं, सेलवर चालणारं क्वार्ट्झ आलं, आणि आपण सगळे एचएमटीला विसरलो. २०१४ मध्ये बंद करणार अशी बातमी आली, २०१६ मध्ये केंद्र सरकारने शिक्कामोर्तब केलं, आणि ज्यांनी वीस वर्षं एचएमटीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते सगळे धावले. मीही. एका वर्षात सहा घेतली. बंगळूरला कामासाठी जाणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला मी छळलं. रात्री एक-एक वाजेपर्यंत जुन्या जाहिराती, डायलवरची अक्षरं, कुठल्या मॉडेलला कुठला काटा हे वाचत बसायचो. आणि पार्सल आलं की आठवड्याभर कौतुक, मग ड्रॉवर, मग पुढचं.

खरं सांगायचं तर मला मजा येत होती ती शोधण्यात. घड्याळ हातात आलं की शोध संपला आणि मग जे उरतं ते नुसतं वेळ दाखवणारं यंत्र. तुमचे मिस्टर सतरावं शोधतायत ना, त्यांना बहुतेक घड्याळ नकोच आहे, रात्री जेवणानंतरचा तो एक तास हवाय ज्यात काहीतरी शोधायला असतं. त्या सहा एचएमटींपैकी आज पायलट तेवढं आहे. बाकी पाच मला आवडली म्हणून घेतलीच नव्हती, परत मिळणार नाहीत या भीतीने घेतली होती, आणि भीती ओसरल्यावर त्यांच्याकडे बघून काही वाटेना.

मूनस्वॉचचंही, म्हणजे ओमेगा आणि स्वॉच या कंपन्यांनी मिळून काढलेल्या घड्याळाचंही असंच झालं. २६ मार्च २०२२ ला ११ रंगांत आलं, जगभर दुकानांबाहेर रांगा, माझा भाचा लंडनला होता त्याला मी रांगेत उभं केलं. सिरॅमिक आणि एरंडेलापासून केलेलं प्लास्टिक यांचं मिश्रण असतं ते, हे वाचून आई म्हणाली एरंडेल तर मी फुकट दिलं असतं. दोन महिन्यांनी भाच्यालाच परत दिलं.

भीतीचा आणखी एक प्रकार. वर म्हटलं ना की सगळ्यात महागडं घड्याळ वर्षभर हातावरच आलं नाही. स्विस होतं, एका चांगल्या बोनसचं. लोकलमध्ये घालायचं नाही, बाइकवर नाही, लग्नात घालावं तर पाहुण्यांची पोरं हात ओढतात, म्हणून लॉकर. लॉकरमधल्या घड्याळावर प्रेम कसं बसणार? मागच्या झाकणावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा न काढता विकलं. आणि त्याच्या उलट माझं सैको ५. वर सांगितलेला सगळा त्रास ते देतं, थांबतं, तारीख लावून घेतं, तरी पहिल्या चारांत आहे. का, तर एका विसर्जनाला गणपतीचा पाट उचलताना जिन्याच्या ग्रिलला घासलं आणि काचेशेजारी चांगला मोठा ओरखडा पडला. तेव्हा जीव गेला होता. पण त्या दिवसापासून मी ते बिनधास्त घालायला लागलो. पहिला ओरखडा पडेपर्यंत घड्याळ अर्धं दुकानदाराचंच असतं बहुतेक.

आता एक असा किस्सा ज्याचं उत्तर मला अजून नीट सापडलेलं नाही. मुंबईत जुन्या घड्याळांना नव्याने रंग मारून विकण्याचा मोठा धंदा आहे, डायल पुन्हा छापायची, आत याचं मशीन त्याचे काटे, बाहेरचे लोक त्याला "मुंबई स्पेशल" म्हणून हिणवतात. मी एका विक्रेत्याकडून फावर ल्यूबा या स्विस कंपनीचं जुनं घड्याळ घेतलं होतं, ओरिजिनल म्हणून, आणि सहा महिने जीव टाकत होतो त्याच्यावर. मग आमच्या घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि एवढंच म्हणाले, "डायल रंगवलीय." अक्षरं जाड, कडा फुगलेल्या, एकदा दिसल्यावर दिसतच राहतं. घड्याळ तेच होतं हो, काल जेवढं सुंदर तेवढंच आज, पण त्या दिवसानंतर मी ते घातलं नाही. आणि विचित्र म्हणजे माझ्याकडे अजून एक रंगवलेलं आहे, भडक केशरी डायलचं, चोर बाजारात ६०० रुपयांना घेतलेलं, घेतानाच माहीत होतं की सगळं खोटं आहे. ते मी आनंदाने होळीला घालतो! म्हणजे खोटेपणाचा प्रॉब्लेम नाही, फसवलं गेल्याचा आहे. घड्याळ बघितलं की माझा मूर्खपणा दिसतो.

न घालता ठेवलेल्या घड्याळांमध्ये हे बरंच असतं बघा. विकायला काढलं की कळतं निम्मेच पैसे येणार, म्हणजे चूक झाली हे मान्य करावं लागणार, त्यापेक्षा ड्रॉवर बरा. तुमच्या मिस्टरांच्या १६ मधली चार-पाच तरी अशीच असतील, पैज लावतो.

आणि "वडिलांचं घड्याळ" हे सगळेच सांगतात म्हणून सांगतो. बाबांचं एचएमटी जनता माझ्याकडे आहे. ३१ वर्षं त्यांनी तेच एक घातलं. मी एकदा भावुक होऊन विचारलं की बाबा, एकच घड्याळ इतकी वर्षं, एवढं काय होतं त्याच्यात. बाबा म्हणाले, "दुसरं नव्हतं." आता ते क्वार्ट्झ घालतात आणि रोजच्या चावीतून सुटलो म्हणून खूश आहेत. मी ते जनता विकणार नाही हे नक्की, पण घालतही नाही, दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं आणि पट्टा घामाने वास मारतो. जपून ठेवलंय आणि तरी त्यात रस नाही, दोन्ही एकदम खरं आहे.

तर वाढदिवसाचं. सतरावं देऊ नका, शोधायची मजा तुम्ही काढून घ्याल आणि साइज चुकेल ते वेगळंच. त्यापेक्षा एक महिना नुसतं बघा, कुठलं घड्याळ ते हातात घेतात, उलटसुलट करतात आणि परत ठेवतात. बंद पडलेलं असेल तर गुपचूप चांगल्या घड्याळजीकडे देऊन ऑइलिंग करून आणा. चालू असेल तर बहुतेक वेळा घोडं पट्ट्यावर अडलेलं असतं, कडक झालेला, नाहीतर मुळातच आवडला नसलेला, एक चांगला मऊ चामड्याचा पट्टा आणा. मी स्वतः दोन घड्याळं अशीच विकायच्या यादीतून परत काढलीत. फक्त माप घेताना जुन्या पट्ट्याची रुंदी मोजू नका, तो दाबून बसवलेला असू शकतो. पट्टा जिथे अडकतो त्या दोन कानांमधली फट पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, जुन्या एचएमटीला बहुतेक १८ येईल, हल्लीच्या घड्याळांना २० किंवा २२, आणि १९ आलं तर मात्र दुकानात घड्याळ घेऊनच जा.